कृत्रिम डिंकाशिवाय एक मेज : प्रकल्प नोंदी

२१ डिसेंबर २०२४

जुन्या पेढ्यांवर मुनीम ज्यापुढे मांडी घालून बसत, तसे उतरत्या झाकणाचे एक मेज या प्रकल्पात तयार करायचे आहे. काम सावंतवाडीजवळच्या आमच्या छोट्या कार्यशाळेत होईल आणि सुतारकामाची मुख्य जबाबदारी मेस्त्रींकडे राहील. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा पांढरा डिंक, इपॉक्सी, युरिया किंवा फिनॉल फॉर्मल्डिहाइडची राळ आणि अशा राळींनी बांधलेले प्लायवुड किंवा एमडीएफ, यांपैकी काहीही या मेजात असणार नाही. बिजागऱ्या मात्र पितळेच्या असतील व त्यांना स्क्रूही लागतील, कारण धातूशी आमचे काही वैर नाही.

हे बंधन घालण्यामागे दोन वेगवेगळी कारणे आहेत आणि बोलताना त्यांची गल्लत होते. पहिले कारण आरोग्याचे आहे. फॉर्मल्डिहाइड हे माणसाला कर्करोग करणारे द्रव्य आहे, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये केले, आणि युरिया राळेने बांधलेल्या पाट्यांतून ते दीर्घकाळ हवेत मिसळत राहते. पांढऱ्या डिंकावर हा आरोप सहसा येत नाही. त्याच्याबाबतचे कारण दुरुस्तीचे आहे. सांधा उघडल्यावर लाकडाच्या रंध्रांत त्याचा जो पातळ थर राहतो त्यावर नवा डिंक नीट धरत नाही, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला चांगले लाकूड रंधून काढावे लागते आणि प्रत्येक दुरुस्तीत कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, बारीक होत जाते.

लाकूड बरेचसे हाताशी आहे. पाडलेल्या एका घराच्या तुळयांचा जुना साग झाकणासाठी, फणस चौकटीसाठी आणि खुंट्यांसाठी बाभूळ व किंजळ. तळाची व मागची पाटी कशाची करायची हे अजून ठरलेले नाही.

५ जानेवारी २०२५

चिकटवण्याआधी लाकूड किती हलणार आहे हे मांडून पाहणे आवश्यक होते. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्के ओलाव्यावर स्थिरावते, ८० टक्क्यांना १६ च्या जवळ जाते आणि ९० टक्क्यांना २० पर्यंत पोहोचते. कोकणात एकाच वर्षात ही तिन्ही स्थिती येतात. साग हा कमी हलणाऱ्या लाकडांत गणला जातो, तरी ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो वाढीच्या कड्यांना समांतर दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्यांना काटकोनात सुमारे २.५ टक्के आकसतो. झाकण ४० सेंटिमीटर रुंद आहे. ओलावा ११ वरून १८ टक्क्यांवर गेला, तर फळ्या कशा चिरलेल्या आहेत त्यानुसार ते अडीच ते साडेपाच मिलिमीटरने रुंदावेल.

हे साडेपाच मिलिमीटर कोणताही डिंक अडवू शकत नाही, कृत्रिम असो वा नैसर्गिक. अडवायला गेल्यास एक तर सांधा सुटतो किंवा फळी तडकते. म्हणून झाकणाच्या मागील आडव्या पट्ट्या चिकटवायच्या नाहीत असे ठरले. त्या खाली रुंद व वर अरुंद अशा खाचेत सरकवून बसवल्या जातील, फक्त मधोमध एका खुंटीने धरल्या जातील, आणि दोन्ही बाजूंना फळी मोकळी हलेल.

मेस्त्रींनी फणसाच्या फळ्यांना हात लावून त्यातल्या दोन बाजूला काढल्या. “ह्यां लाकूड अजून वलां आसा,” एवढेच ते म्हणाले. सुयांच्या आर्द्रतामापकानेही त्या फळ्या १७ टक्क्यांच्या वर दाखवल्या. त्या आता माळ्यावर आडव्या पट्ट्यांच्या थरांत मुरत ठेवल्या आहेत.

१९ जानेवारी २०२५

झाकणाच्या फळ्या कडेला कड लावून जोडण्यासाठी केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन, व चुना यांचा डिंक निवडला आहे. सागासारख्या तेलकट लाकडावर तो बऱ्यापैकी धरतो ही त्याची जुनी ख्याती आहे, आणि एकदा पक्का झाल्यावर तो सरसाइतका, म्हणजे कातडे-हाडांपासून काढलेल्या डिंकाइतका, पाण्याला भीत नाही.

बाजारात केसीनची भुकटी मिळते, परंतु कृती मुळापासून समजावी म्हणून ती दुधापासून करून पाहिली. एका दूध संकलन केंद्रात नासून परत आलेले, साय काढलेले दूध मिळाले. गाईच्या एक लिटर दुधात केसीन जेमतेम २५ ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे पिण्याजोगे दूध या कामी लावणे मनाला पटले नसते. दूध कोमट करून त्यात व्हिनेगर थोडे थोडे घातले. आम्लता ४.६ सामूच्या जवळ आली की केसीनच्या कणांवरील विद्युतभार नाहीसा होतो, ते एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि गोळा होऊन खाली बसतात. हा गोळा पुष्कळदा धुणे हे या कृतीतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण आत राहिलेली दुधाची साखर पुढे बुरशीला खाद्य पुरवते आणि राहिलेला स्निग्धांश लाकडाशी पकड होऊ देत नाही. धुतलेला गोळा कापडात पिळून, किसून, सावलीत वाळवला आणि मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळला.

डिंक करताना १०० ग्रॅम भुकटी २०० ग्रॅम पाण्यात अर्धा तास भिजत ठेवली आणि २५ ग्रॅम विरलेला चुना वेगळ्या पाण्यात कालवून ढवळत ढवळत तिच्यात घातला. सुरुवातीला मिश्रण दाणेदार होऊन घट्ट झाले, नंतर एकाएकी सैल व गुळगुळीत झाले आणि पळीवरून अखंड धारेने पडू लागले. येथे दोन क्रिया एकामागून एक होतात. चुन्याच्या अल्कधर्मामुळे केसीन आधी विरघळते, मग त्यातील कॅल्शियम केसीनच्या रेणूंना एकमेकांशी बांधू लागते. दुसरी क्रिया थांबवता येत नाही. काही तासांत मिश्रणाचा थलथलीत गोळा होतो, त्यात पाणी घालून उपयोग नसतो आणि तो टाकूनच द्यावा लागतो. चुन्याऐवजी धुण्याचा सोडा वापरल्यास डिंक जास्त वेळ कामाला येतो, परंतु वाळल्यावरही तो पाण्यात विरघळण्याजोगा राहतो. आम्हाला नेमके तेच नको होते. अमेरिकेतील मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या जुन्या कृतींत चुन्याच्या जोडीला सोडियम सिलिकेट आणि थोडासा ताम्रक्षार असे. सिलिकेटमुळे कामाची मुदत वाढते, ताम्रक्षारामुळे ओलाव्याला तोंड देण्याची ताकद वाढते. घरात वापरायच्या मेजासाठी ताम्रक्षाराची गरज वाटली नाही.

चुना हाताची कातडी खातो, तेव्हा हातमोजे व चष्मा वापरणे भाग आहे.

९ फेब्रुवारी २०२५

सागाच्या नमुन्यांचे सांधे पुरेसे सुकल्यावर तोडून पाहिले. आमच्याकडे चाचणीचे यंत्र नाही. एक ठोकळा पक्का आवळून दुसऱ्यावर लांब दांड्याने भार टाकत जायचा, ही आमची पद्धत. तिने किती भाराला सांधा तुटला हे अचूक कळत नाही, पण कुठे तुटला हे स्वच्छ दिसते आणि सुताराला त्याचाच उपयोग असतो. डिंकाच्या रेघेवरच सांधा सुटून दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत निघाले तर डिंक हरला. रेघ शाबूत राहून शेजारचे तंतू उपटून आले तर लाकूड हरले, आणि आपल्याला हवे असते ते हेच.

रंधा मारल्यावर लगेच जोडलेल्या नमुन्यांत बहुतेक ठिकाणी सागाचे तंतू उपटून आले. रंधा मारून आठवडाभर तसेच ठेवलेल्या आणि मग जोडलेल्या नमुन्यांत रेघ बऱ्याच भागात स्वच्छ सुटली. सागातील तेलकट द्रव्ये उघड्या पृष्ठभागावर हळूहळू येत राहतात आणि पकडीत अडसर होतात, म्हणून रंधा आणि डिंक यांच्यात रात्र जाता कामा नये असा नियम भिंतीवर लिहून ठेवला आहे.

केसीनचा दोष म्हणजे डाग. चुन्याच्या अल्कधर्मामुळे टॅनिनयुक्त लाकूड काळवंडते, आणि सांध्यातून बाहेर आलेला डिंक वेळीच पुसला नाही तर कडेला तपकिरी पट्टा उमटतो. बाभळीवर तो फार ठळक दिसला, सागावर कमी. आणखी एक दोष म्हणजे वाळलेला डिंक काचेसारखा कडक असल्याने रंध्याची धार लवकर बोथट होते. मेस्त्रींनी याबद्दल नाराजी स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे.

केसीन हे अखेर प्रथिन आहे आणि सतत ओले राहिले तर सूक्ष्मजीव ते खातात. दुसऱ्या महायुद्धातील लाकडी मॉस्किटो विमाने सुरुवातीला केसीननेच जोडलेली असत आणि पुढे त्याच्या जागी फॉर्मल्डिहाइडची राळ आली, यामागे हा दुबळेपणा होता. विमानाचा पंख उघड्यावर भिजतो, मेज छपराखाली राहते. त्यामुळे तो अनुभव लक्षात ठेवून झाकणाच्या फळ्या केसीननेच जोडायचे ठरले.

२३ फेब्रुवारी २०२५

सरस. जनावराचे कातडे व हाडे उकळून काढलेल्या या डिंकाचे मूळ द्रव्य कोलॅजन आहे. दाणे थंड पाण्यात फुगवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवावेत. ७० च्या वर गेल्यास रेणू तुटू लागतात आणि डिंक पातळ व कमजोर होतो. सरस दोनदा धरतो, आधी थंड होऊन थिजतो आणि नंतर पाणी उडून पक्का होतो. थंड देशांतील पुस्तके तो फार लवकर थिजतो अशी तक्रार करतात आणि त्यावर थोडा युरिया घालण्याचा उपाय सांगतात. आमच्याकडे उलट अडचण आहे. दुपारी पत्र्याच्या छपराखाली तो थिजतच नाही, नुसता ओघळतो, म्हणून सरसाचे काम सकाळी लवकर उरकायचे.

त्याचा मोठा गुण म्हणजे तो सोडवता येतो. गरम पाणी व वाफ दिली की सांधा उघडतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. तंतुवाद्यांच्या कारागिरांनी तो इतकी वर्षे सांभाळला तो याच कारणाने, कारण वाद्य पुन्हा पुन्हा उघडावे लागणार हे त्यांना ठाऊक असते.

मेजाच्या आतील कप्प्यांना आणि खणाच्या सरकपट्ट्यांना सरस वापरू. येथे एक व्यावहारिक गोष्ट नोंदवतो. देव्हारा किंवा चौरंग करून घेणारे अनेक ग्राहक सरस चालणार नाही असे आधीच सांगतात, तर दुधाच्या डिंकाला त्यांची हरकत नसते. साहित्य निवडताना ही बाजू ताकदीइतकीच विचारात घ्यावी लागते.

आतून कागद लावण्यासाठी चिंचोक्याची खळ पुरेशी आहे. घोंगडीच्या ताण्याला आणि सावंतवाडीच्या गंजिफांच्या कापडाला लागत आलेली ही खळ कागदावर उत्तम बसते. लाकडाच्या सांध्यात तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

१६ मार्च २०२५

चौकटीचे सांधे डिंकाशिवाय. फणसाच्या चौकटीत कुसू व खाच करून, खुंटीचे भोक कुसवात दीड मिलिमीटर आतल्या बाजूस सरकवून पाडले आहे. निमुळती खुंटी ठोकताना ती या वाकड्या वाटेने जाते आणि कुसवाला खाचेत ओढून घट्ट बसवते. खुंट्या बाभळीच्या, तासून नव्हे तर तंतूंच्या रेषेत फोडून काढलेल्या, आणि चुलीजवळ चौकटीपेक्षा पुष्कळ कोरड्या केलेल्या. ठोकल्यावर त्या हवेतला व चौकटीतला ओलावा घेऊन फुगतात आणि भोकात अडकून बसतात. मध्य युरोपात बीच या तिकडच्या कठीण लाकडाच्या कोरड्या खुंट्या मऊ लाकडाच्या फळ्यांतून आरपार ठोकून डिंकाशिवाय जाड भिंती व छते तयार करतात, त्यांतही हेच तत्त्व आहे. कोकणातल्या जुन्या घरांची छपरे अशाच खुंट्यांवर उभी आहेत, त्यामुळे मेस्त्रींना यात नवे असे काही नव्हते आणि चारही कोपरे पहिल्या ठोकणीत काटकोनात बसले.

६ एप्रिल २०२५

घर्षणाने लाकूड लाकडात जोडण्याचा प्रयोग आज सुरू केला. या प्रकल्पातील सर्वांत कुतूहलाचा भाग हाच होता. स्वित्झर्लंडमधील बील आणि फ्रान्समधील एपिनाल येथील संशोधकांनी, विशेषतः आंतोनिओ पिझ्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, या शतकाच्या पहिल्या दशकात या पद्धतीचा कसून अभ्यास केला. कल्पना अशी की लाकडातील सेल्युलोजचे तंतू ज्या द्रव्यांत रुतलेले असतात, ती लिग्निन व हेमिसेल्युलोज ही द्रव्ये पुरेशा उष्णतेने मऊ होतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर वेगाने घासले तर काही सेकंदांत तेथील तापमान १८० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते, ही द्रव्ये वाहू लागतात, सुटे झालेले तंतू त्यांत गुंततात आणि घासणे थांबताच सगळे एकत्र घट्ट होते. बाहेरून काहीही घालावे लागत नाही.

फळीला फळी जोडायची तर सेकंदाला १०० हून अधिक वेळा कंप पावणारे यंत्र लागते. ते आमच्या आवाक्यात नाही. खुंटीसाठी मात्र साधे उभे ड्रिल पुरते. संशोधकांनी वापरलेले प्रमाण जसेच्या तसे घेतले : १० मिलिमीटर जाडीची बीचची खुंटी, ८ मिलिमीटरचे भोक आणि मिनिटाला सुमारे १,४०० फेरे. बीच आपल्याकडचे नाही, पण आयात केलेले बीच लाकूड वखारीत सहज मिळते. खुंटी ड्रिलच्या चकमध्ये धरली, टोक किंचित निमुळते केले आणि फिरती खुंटी भोकात एकसारख्या जोराने खाली दाबली.

आधी कर्कश आवाज होतो, मग धूर आणि जळक्या गुळासारखा वास येतो, आणि भोकाच्या तोंडाशी काळपट तंतूंची कडी जमते. कौशल्याचा सगळा भाग यानंतरच्या क्षणात आहे. खुंटी तळाला पोहोचताच फिरणे जागच्या जागी थांबले पाहिजे, कारण धरू लागलेला सांधा आणखी अर्धा फेरा फिरला तरी तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. आमचे ड्रिल बटण बंद केल्यावरही क्षणभर फिरत राहते. त्यावर मेस्त्रींनी तोड काढली. चकमध्ये खुंटी मुद्दाम बेताची आवळायची, म्हणजे सांधा धरताच खुंटी थांबते आणि चक तिच्याभोवती रिकामा फिरतो. या युक्तीने काम एकदम सुधारले.

एक नमुना खुंटीसकट उभा चिरून पाहिला. खुंटी आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये गडद तपकिरी, जवळजवळ अखंड असा पातळ पट्टा होता, तळाशी मात्र तो विरळ झालेला होता. दांड्याने ओढून काढताना काही खुंट्या सांध्यातून न सुटता मधूनच तुटल्या.

२० एप्रिल २०२५

बीचऐवजी स्थानिक लाकूड वापरून पाहिले. बाभळीची खुंटी फणसात चांगली धरली. किंजळीची खुंटी बऱ्याचदा वरच्या तोंडाशी उभी फाटली. सागाच्या ठोकळ्यात खुंटी बसवली तेव्हा धूर भरपूर निघाला परंतु पकड कमी आली. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवणारे कारागीर घर्षणाची हीच उष्णता पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. फरक एवढाच की तेथे लाख वितळते आणि येथे लाकडाचेच घटक.

नंतर नमुने रात्रभर पाण्यात ठेवले. सकाळी बीचच्या खुंट्या हाताने पिळल्यावर फिरू लागल्या. हे अनपेक्षित नव्हते. पाणी लागताच खुंटी व भोक निरनिराळ्या प्रमाणात फुगतात आणि तो पातळ, ठिसूळ पट्टा तडकतो. युरोपात या पद्धतीकडे प्रामुख्याने घरातील सामानासाठी पाहिले जाते याचे कारण हेच आहे. मेजात तिचा वापर आतील कप्प्यांच्या आधारखुंट्यांपुरता ठेवला आहे, जेथे भार कमी आणि पाणी जवळजवळ नाही.

आतापर्यंतच्या कामावरून एक मत बनले आहे ते येथे लिहून ठेवतो. पांढऱ्या डिंकाला पर्याय म्हणून एक नैसर्गिक डिंक शोधणे हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. पांढरा डिंक सगळीकडे चालतो, म्हणून सांध्याचा विचार न करण्याची सवय लागली. तो बाजूला ठेवल्यावर प्रत्येक सांध्यापाशी थांबून लाकूड कोणत्या दिशेने हलणार, भार कुठून येणार, पाणी पोहोचणार का आणि तो उद्या कोणाला उघडावा लागेल का, हे विचारणे भाग पडते. या एका मेजात त्यामुळे चार प्रकारचे सांधे आले आहेत, आणि त्यांतले सर्वांत भरवशाचे सांधे डिंकाविनाच आहेत.

४ मे २०२५

तळाची व मागची पाटी नारळाच्या सोडणांपासून केली. लाकडाच्या तंतूंचा लगदा राळेशिवाय दाबून पाटी करण्याची कल्पना जुनी आहे. विल्यम मेसन यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, लाकडाचे तुकडे दाबाखालील वाफेने फोडून, त्यांच्याच लिग्निनने बांधलेल्या पाट्या तयार केल्या. सोडणांत लिग्निनचे प्रमाण बहुतेक लाकडांपेक्षा जास्त असते, आणि नेदरलँड्समधील वाखेनिंगेनच्या संशोधकांनी अख्ख्या सोडणापासून राळेशिवाय पाट्या दाबता येतात हे दाखवून दिले आहे. काथ्या आणि त्यामधला भुसा वेगळा करायची गरज नाही, किंबहुना भुसाच बांधणीचे काम करतो.

कुडाळ औद्योगिक वसाहतीतील रबराचे भाग दाबणाऱ्या एका कारखान्याने त्यांचा तापता दाबयंत्र संच सुट्टीच्या दिवशी वापरू दिला. सोडणे कुटून, चाळून, १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून नेली होती. तव्यांचे तापमान १८० अंश ठेवले. ओलावा अधिक असलेल्या घाण्यात यंत्र उघडताच अडकलेली वाफ सुटली आणि पाटीला पोटात फोड आले. यंत्र अगदी सावकाश, टप्प्याटप्प्याने सैल केल्यावर आणि शेवटी तवे थंड होईपर्यंत पाटी दाबाखालीच ठेवल्यावर सपाट, गडद तपकिरी आणि करवतीला चांगली दाद देणारी पाटी हाती आली. तिच्या कडा मात्र नखाने खरवडल्यावर भुगा सोडतात, त्यामुळे चारही कडा चौकटीच्या खोबणीत लपवल्या.

२८ मे २०२५

या वर्षी मोसमी पाऊस २५ तारखेलाच देवगडपर्यंत पोहोचला, त्यामुळे सावकाश करायची जुळणी घाईने उरकावी लागली. आडव्या पट्ट्या सरकवल्या, झाकण बसवले, मागची पाटी खोबणीत सुटी ठेवली. सर्व बाजूंना चपडा लाखेचे स्पिरिटमधील द्रावण फडक्याने चढवले आणि फळ्यांच्या तोडलेल्या टोकांना अधिक थर दिले, कारण लाकूड टोकांतूनच सर्वांत वेगाने ओलावा घेते. लाख ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करते. तेवढ्यानेही फळीची आतली व बाहेरची बाजू बरोबरीने फुगायला वेळ मिळतो.

याच महिन्यात, २१ मे रोजी, कारवार येथे नौदलाने ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज आपल्या ताफ्यात घेतले. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून बेतलेल्या आणि गोव्यात बांधलेल्या या जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असून सांधे नैसर्गिक राळेने बुजवलेले आहेत. समुद्रात सतत वाकणाऱ्या सांध्याला तिथल्या कारागिरांनी चिकटवून धरले नाही, बांधून धरले. सरकत्या पट्ट्यांबद्दल अजून शंका असलेल्या एका सहकाऱ्याला हे उदाहरण लागलीच पटले.

२० जुलै २०२५

पावसाळ्याच्या मध्यावर केलेली पाहणी. मेज उघड्या पडवीला लागून असलेल्या खोलीत ठेवले आहे, मुद्दामच. आर्द्रतामापक झाकणात १७ टक्क्यांच्या आसपास दाखवतो. झाकण चार मिलिमीटरला थोडे कमी इतके रुंदावले आहे आणि पट्ट्यांच्या टोकांशी सोडलेली जागा त्यानुसार भरली आहे. केसीनच्या रेघा नखाला लागत नाहीत. एका रेघेच्या टोकाशी करडी बुरशी दिसली. पुसून पाहता ती पृष्ठभागावर राहिलेल्या डिंकावरच होती. तो भाग खरवडून पुन्हा लाख दिली.

चौकटीच्या खुंट्या आता जास्तच घट्ट आहेत. खणाची एक सरकपट्टी सैल झाली. दमट हवेने सरस नरम पडला आणि रोजच्या ओढाताणीत सांधा घसरला. घर्षणाने जोडलेल्या आधारखुंट्यांपैकी पडवीकडच्या बाजूची एक हलते आहे, बाकीच्या पक्क्या आहेत. सोडणांच्या मागच्या पाटीची खालची कड जमिनीच्या ओलीने फुगून खोबणीत आवळली गेली आहे आणि तिने तळाची आडपट्टी किंचित बाहेर ढकलली आहे.

२४ ऑगस्ट २०२५

चतुर्थीच्या आधी दुरुस्त्या पूर्ण केल्या. सैल सरकपट्टीच्या सांध्यात गरम पाण्यात बुडवलेली पातळ सुरी फिरवताच ती अलगद निघाली. जुना सरस न खरवडता त्यावर नवा लावून ती बसवली, आणि रोजची ओढ सरसावर येऊ नये म्हणून दोन बारीक खुंट्याही दिल्या. हलणारी आधारखुंटी कापून तिच्या जागी बाभळीची कोरडी खुंटी पाचर देऊन ठोकली. मागची पाटी काढून तिची खालची कड एक सेंटिमीटरने कमी केली, कडेला लाखेचे दाट थर दिले आणि खोबण खोल केली.

दुसऱ्या मेजासाठी ठरलेले बदल असे आहेत. सरकपट्ट्या खोबणीत बसवून खुंट्यांवरच ठेवायच्या, सरस तेथे नको. घर्षणाच्या खुंट्या केवळ आतल्या, पडवीपासून दूरच्या बाजूस. केसीनची भुकटी बाजारातून आणायची, कारण घरी केलेल्या भुकटीत आणि तिच्यात सांधा तोडताना काही फरक दिसला नाही, आणि धुण्या-वाळवण्यात जाणारा वेळ फळ्या निवडण्यात घालवणे अधिक उपयोगी आहे. सोडणांची पाटी जमिनीपासून चार बोटे वर उचलायची, त्यासाठी पाय तेवढे लांब काढायचे. जानेवारीत माळ्यावर ठेवलेल्या फणसाच्या त्या दोन फळ्या १४ टक्क्यांवर येऊन थांबल्या आहेत. पावसाळा सरल्यावर त्यांचा ओलावा पुन्हा मोजून मेस्त्री पायांची आखणी करतील.